कॅमेऱ्याला लावलेलं गंध

साल दोन हजार चोवीस, माझं वय अडुसष्ट. सचिन या औद्योगिक वसाहतीतल्या एका पॉवरलूम कारखान्यात मी मास्टर. मास्टर म्हणजे शिकवणारा नव्हे. माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो. शाळा तिसरीपर्यंत. पण नुसता आवाज ऐकून कुठला नट ढिला आहे ते सांगतो, आणि तोच निघतो.

नवागामच्या आमच्या गल्लीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. रेल्वेतून रिटायर झालेला राजाराम त्यात रोज विज्ञानाच्या बातम्या टाकतो. त्या दिवशीची बातमी: कापडातले दोष पकडणारा एआय कॅमेरा, माणसाची गरज नाही. खाली लिहिलं, "मास्टर, आता घरी बसा."

मी लिहीत बसत नाही, बोलून पाठवतो. "कॅमेऱ्याला चहा कोण पाजणार?"

"तो चहा पीत नाही, म्हणून तर शेठला आवडतो!"

गल्ली दोन दिवस हसली. तिसऱ्या दिवशी तसलाच कॅमेरा आमच्या चार नंबरच्या मागावर बसला. शेठ म्हणाले, "मास्टर, एक हफ्ता ट्रायल. चल गया तो चेकिंग टेबल बंद."

त्या टेबलावर एकोणीस वर्षं सुनंदाबाई कापड तपासते. ती ऐकत होती.

दोष दिसला की कॅमेरा माग थांबवणार, असा हिशोब. पहिल्याच दिवशी माग सुरू केला की थांबायचा. स्क्रीनवर एक धूसर डाग, कापड मात्र स्वच्छ. कंपनीचा इंजिनियर लॅपटॉपमधून मान वर काढेना. "काका, सॉफ्टवेअर अपडेट करना पडेगा."

मी ग्रुपवर सांगितलं, "राजाराम, तुझ्या एआयला मोतीबिंदू झालाय." सुनंदाबाईला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना. कापडावर खडूने खूण केली. माग थांबला की पुन्हा चालू करत राहिलो. खूण वीतभर पुढे सरकली. डाग तिथंच.

दोष कापडात असेल तर तो कापडाबरोबर चालतो. जागचा हलत नाही तो बघणाऱ्याच्या डोळ्यात असतो.

कॅमेऱ्याखाली वाकून बघितलं. काचेच्या कडेला लाल अंगठा. माझाच! नवं मशीन आलं की नारळ मी फोडतो, गंध मी लावतो. याचं कपाळ कुठं ते कळेना, म्हणून दिसली त्या काचेला लावलं होतं.

गप्प बसलो असतो तर कॅमेरा परत गेला असता आणि सुनंदाबाईचं टेबल वाचलं असतं. पण मशीनवर खोटा आळ मी कधी घेऊ दिला नाही. शेठना बोलावलं, त्यांच्यासमोर काच पुसली. माग सुरळीत चालला.

सुनंदाबाई अहिराणीतच कडाडली, "तुमले काय गरज व्हती बोलानी?"

तेवढ्यात माग पुन्हा थांबला. स्क्रीनवर उभी बारीक रेघ. या वेळी कापडातही होती.

"देखो, पकडा!" इंजिनियर खूश.

मी म्हणालो, "पकडा तो सही. हुआ किससे?"

त्याने पुन्हा लॅपटॉप उघडला. सुनंदाबाईने रागातच रेघेवरून नख फिरवलं. "फणीचा दात वाकलाय." फणी म्हणजे ताण्याचे, म्हणजे उभे धागे वेगळे ठेवणारी लोखंडी कंगव्यासारखी पट्टी. मी उघडून बघितलं. दात वाकलेला.

शेठ आमच्याकडे बघत होते. मी म्हणालो, "साहेब, हा थांबवेल. का थांबला ते सुनंदाबाई सांगेल. टेबल काढा, बाईला स्क्रीनसमोर बसवा."

"इसको आएगा?"

"कारखान्यात आली तेव्हा कापड तपासणं तरी कुठं येत होतं?"

शेठ म्हणाले, "ठीक है. पगार वही."

रात्री ग्रुपवर अंगठ्याची गोष्ट मीच सांगितली. राजारामने हसण्याची चित्रं पाठवली, एक ओळभर. मी उत्तर दिलं, "चूक माझी होती, म्हणून मलाच सापडली." यातून घ्यायचं एवढंच: मशीनला नावं ठेवायच्या आधी आपला हात कुठं लागलाय ते बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला स्क्रीनसमोर दोन स्टुलं ओढली. एकावर सुनंदाबाई बसली, एकावर मी. इंजिनियरला म्हणालो, "चल, सिखा. पहिलं बटण कुठलं?"