देव्हाऱ्यातली पटकथा

मी चौथीपर्यंत शिकले आणि सत्तरीत चित्रपटाची पटकथा लिहिली. लासलगावला कांदा निवडायला जाणाऱ्या दोन जावांची गोष्ट. तीनदा नव्यानं लिहिली, तरी ती मध्येच रेंगाळायची आणि नेमकी कुठे ते मला कळत नव्हतं. म्हणून झेरॉक्स काढून सिडकोतल्या पुतण्याच्या बायकोला दिली. ती शाळेत मराठी शिकवते. म्हटलं, कंटाळा येईल तिथे पेनानं रेघ मार.

दोन महिन्यांनी तिच्या घरी गेले, तर माझी पटकथा देव्हाऱ्यात. पहिल्या पानावर हळदकुंकू, वर जास्वंद.

"वाचलीस का?"

"काकू, रोज फूल वाहते मी. या वयात एवढं लिहिलंत, सरस्वतीच आहे ती."

"रेघ कुठे मारलीस?"

"देवापुढच्या कागदावर रेघ कशी मारायची?"

माझं डोकं फिरलं. फूल काढून तिच्या हातात दिलं, कागद पिशवीत कोंबले आणि चहा न घेता निघाले. म्हातारीनं काही लिहिलं की लोक पाया पडून मोकळे होतात. वाचायला नको.

आमच्या इमारतीखाली ब्लाउज शिवणारी बाई बसते. तिला म्हटलं, तू वाच. तिनं मशीन थांबवून दुपारभर वाचलं.

"आजी, तुमची थोरली जाऊ लय भाषण देते. दोन पानं तर मी सोडूनच दिली."

हिचा तर जास्तच राग आला. थोरली जाऊ म्हणजे मीच होते. पण घरी येऊन ती दोन्ही पानं फाडली.