चुन्याची पट्टी

सुकलालमामा गेल्याचा निरोप मला खांडबाऱ्याच्या स्टेशनावर मिळाला. तिथे मी रस्त्याच्या कामावर होतो. संध्याकाळच्या गाडीतून आमच्या गल्लीतला तुकाराम शिंपी उतरला आणि हातातली पिशवीही खाली न ठेवता म्हणाला, "भाऊ, तुन्हा मामा गया. बारववर पडेल व्हता. आम्हले वाटनं, रोजना मायेक आइकी ऱ्हायना." मामा दुपारी बारवेवर टाकलेल्या लादीला कान लावून आडवा झाला होता. श्रावणातली उघडीप होती, त्यामुळे माणसांची ये-जा चालू होती. सगळे त्याला वळसा घालून गेले. दोन तास तो मेलेला आहे हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण गेलं वर्षभर तो रोज तसाच पडून ऐकत असे.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी, जिथे आता कापसाच्या गाड्या सुटतात, तिथे खाली बारव आहे. साठ-पासष्ट पायऱ्यांची, काळ्या दगडाची, कुणी बांधली ते कुणालाच नीट ठाऊक नाही. मामा गवंडी होता आणि बारवेची राखण त्याच्या घराण्याकडे होती. दर वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी तो गाळ काढायचा. आखाजीच्या दिवशी आयाबाया पितरांच्या नावाची घागर तिथूनच भरायच्या, आणि त्या दिवशी पाणी ज्या पायरीला टेकलेलं असे तिथे मामा छिन्नीने खूण करायचा. शेजारी त्याच्या बापाच्या, आज्याच्या खुणा. कुणाचा आजा कोणत्या दुष्काळात गेला यावर वाद झाला, की लोक मामाला खाली उतरवायचे आणि मामा पायरीवर बोट ठेवून निकाल द्यायचा. आमच्या गावाला दुसरी बखर नव्हती.

वरच्या टप्प्यावर एक मोरी होती, माणूस रांगत जाईल एवढी. चांगल्या पावसाच्या वर्षी बारव भरली की जास्तीचं पाणी तिच्यातून नाल्याला जायचं. पायऱ्यांआधी मामा ही मोरी साफ करायचा. या टोकाने आत शिरायचा आणि नाल्याकडून केसात जाळी घेऊन बाहेर यायचा. मग मोरीच्या तोंडाला चुना मारायचा. लहानपणी मला ते फार हसण्यासारखं वाटे.

महाराष्ट्र झाल्यावर दोन-तीन वर्षांत गावात टाकी उभी राहिली, घरोघर नळ आले. बारवेवर घागर घेऊन कुणी फिरकेना. कमिटीने ठरवलं की वर लाद्या टाकून गाड्यांना जागा करावी. तेव्हा मी कमिटीचा ओव्हरसियर होतो. मोजमाप मीच केलं. पाहणीला गेलो तो चैत्र होता, मोरी ठणठणीत कोरडी, आणि आतून इतकी साफ, की ही वापरातली असेल असं माझ्या मनातही आलं नाही. आमच्या गावातली वापरातली मोरी साफ कधी असते? मी कागदावर लिहिलं, 'निरुपयोगी मोरी, बुजवावी.' मामाचे हात त्या मोरीत सोलून निघालेले मी लहानपणापासून पाहिले होते. तरी लिहिलं.

मामा धुतलेलं धोतर नेसून ऑफिसात आला. खुर्ची दिली तरी उभाच राहिला. "पायऱ्या झाकी द्या," म्हणाला, "पन मोरी बुजू नका." मी सांगितलं, कागद वर गेला. तो आल्या पावली परत गेला. आमच्याकडे मामा भाच्याला रागावत नाही आणि स्वतःच्या पाया पडू देत नाही. भाच्याचा मान देवासारखा. पुढे माझी चूक मला कळली तेव्हा मी त्याच्या पायाशी वाकलो, तर त्याने माझे खांदे धरून मला सरळ उभं केलं. त्या दिवशी त्याने दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मोरी बुजली, वर लाद्या पडल्या. दोन पावसाळे कमीच गेले. तिसऱ्याला पाऊस भरपूर झाला, आणि दिवाळीत गल्लीतल्या भिंतींना खालून ओल चढू लागली. चुलीजवळची जमीन दमट. घरात बारवेचा वास, शेवाळाचा. मग भेगा. मामाने चुना मळला आणि घरोघर जाऊन प्रत्येक भेगेवर आडवी पट्टी लिंपली, खिळ्याने तिच्यावर तिथी कोरली. भिंत हलली तर पट्टी आधी तडकते, ही गवंड्यांची जुनी रीत. बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याला चळ लागला. तो रोज दुपारी लादीवर आडवा व्हायचा. मी एकदा विचारलं, "काय आइकस मामा?"

"पानी वाट शोधी ऱ्हायनं," तो म्हणाला. मग लादीवरून उठता उठता, "तुन्हा घरनी पट्टी तुटनी ना, तर घरमा थांबू नको. पोरेसले लई निघी जाय."

ही आमची शेवटची भेट.

तेराव्यानंतर मी कमिटीला अर्ज दिला. मोरी निरुपयोगी नव्हती, मी चुकीचं लिहिलं, ती उघडावी, असं स्वच्छ लिहून खाली सही केली. साहेब भले होते, चहा पाजला. दिवाळीनंतर बघू म्हणाले. पाऊस अजून चालूच आहे. मामा गेल्यापासून लादीवर कुणी आडवं होत नाही, गाड्या आता मधोमध उभ्या राहतात.

आमच्या घरातली पट्टी दारामागे आहे. तिच्यावर मामाच्या बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. आज सकाळी बायकोने केर काढताना मला हाक मारली. केसाएवढी रेघ, बरोबर तिथीच्या मधून. पोरांना तिच्यासोबत त्यांच्या मामाकडे पाठवून दिलं आणि गल्लीत दार दार वाजवत फिरलो. तुकाराम शिंप्याने पट्टी कधीच खरवडून वर रंग दिला होता. तो हसला, म्हणाला, "मामानी जागा तू लिधी का?"

परत आलो. रिकाम्या घरात फरशीवर आडवा झालो आणि कान लावला. खाली पाणी वाजतं आहे.