शांघायच्या पुढे

नव्वदच्या दशकात नवऱ्याच्या बदलीमुळे मी जपानमध्ये कोबेला आले आणि डबे भरण्याच्या कारखान्यात लागले. शेजारी एक चिनी बाई उभी असे. तिला सगळे टोपीवरच्या नंबराने हाक मारत. भरलेला प्रत्येक डबा ती बोटाने किंचित सरळ करायची. आम्ही मोडक्या जपानीत बोलायचो.

तिची आई चीनच्या पार पश्चिमेला, उरुम्चीला अत्यवस्थ झाली. तिने आठवड्याची रजा मागितली.

"शांघाय तर दोन तासांवर आहे," मुकादम हसला. "दोन दिवस पुरेत."

"आई शांघायला नाही. तिथून पुढे सव्वातीन हजार किलोमीटर. विमानाला आणखी पाच तास."

"एकाच देशात पाच तास? काहीतरीच!"

रजा दोनच दिवसांची मिळाली.

तिसऱ्या सकाळी ती कामावर हजर होती. इथल्या रिवाजाप्रमाणे सगळ्यांसाठी खाऊ घेऊन. शांघाय विमानतळावरची बिस्किटं.

"भेटली आई?" मी विचारलं.

"उरुम्चीचं विमान चुकलं. पुढचं दुसऱ्या दिवशी. मग परत कधी येणार? त्याच रात्री आई गेली. मी निदान तिच्या देशात तरी होते."

मुकादम बिस्कीट चावत म्हणाला, "बघा, पुरले ना दोन दिवस!"

बिस्किटांचा खोका ढकलून मी त्याच्याकडे निघाले. तिने माझं मनगट धरलं.

"खा गं, मुकाट्याने," ती पुटपुटली. "तू भांडलीस, तर पुढच्या बाईला हे दोन दिवसही मिळणार नाहीत."

मी खाल्लं. मुकादमाने दुसरं बिस्कीट उचललं.