कवीच्या घरी आमचे साडू

लातूरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, आमच्या साडूंचा आवाज ऐकला नाही असा शेतकरी पंचक्रोशीत सापडणार नाही, आणि त्यांच्या तोंडून ‘ती’ कविता ऐकली नाही असा नातेवाईक या पृथ्वीतलावर नाही. साडू धंद्याने अडते, शेतकऱ्यांचा माल दलालीवर विकून देणारे. सोयाबीनच्या ढिगावर उभे राहून सौदा पुकारायला लागले की पलीकडच्या गल्लीतल्या शिकवणीवाल्यांना वर्गाच्या खिडक्या लावून घ्याव्या लागतात. जगातल्या प्रत्येक गोष्टीला ते ‘माल’ म्हणतात. माझ्या पुतणीसाठी मुलगा बघायला गेलो तेव्हा यांनी त्या घरचे तांदूळ तळहातावर चोळून पाहिले, दोन दाणे दाताखाली धरले आणि माझ्या कानात म्हणाले, “माल कोरडा हाय. लोक चांगले असतील.” लोक खरोखरच चांगले निघाले, त्यामुळे पुढे त्यांना कुणी आवरू शकलं नाही.

कवितेचं मात्र कुणाला कोडं उलगडत नव्हतं. डोंगरउतारावरून धावत सुटलेल्या एका वासराची ती कविता. पहिल्या शब्दापासून शेवटच्यापर्यंत कुठे पूर्णविराम नाही, सगळी एका दमात म्हणायची. साडू ती बारशाला म्हणत, सत्यनारायणाला म्हणत, लग्नात माईक चालतो का बघायला म्हणत. एकदा दाताच्या डॉक्टरने “आ करा” म्हटल्यावर यांनी आधी कविता म्हणून घेतली, कारण नंतर तोंड बधिर होणार होतं. दुसरी कविता त्यांना येत नव्हती आणि शिकायचीही नव्हती. त्या कवीचं डोंगरातल्या थंड हवेच्या ठिकाणी असलेलं घर आता संग्रहालय म्हणून सगळ्यांना खुलं केलंय, असं कुणीतरी सांगितलं आणि साडूंनी त्याच संध्याकाळी मला फोन केला. “साडूभाऊ, गाडी ठरवली. तुमी दोघं आन् आमी दोघं. न्हाई म्हनू नका.”

साडूंनी सोबत ज्वारीच्या भाकरी, शेंगाचटणी आणि एवढं पांघरुणाचं गाठोडं घेतलं की ड्रायव्हरने विचारलं, बिऱ्हाड हलवताय का. घाट चढताना थंडी वाजायला लागली तसे ते मफलरमधून म्हणाले, “मला ल्हानपनी बोलता येत नव्हतं.” मी आणि बायको खळखळून हसलो. ड्रायव्हरही हसला. त्यांची बायको, म्हणजे आमच्या अक्का, हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “खरं हाय ते.” मग कळलं की त्यांच्या गावी, उमरीच्या शाळेत साडू इतके अडखळत, की स्वतःचं नाव सांगतानाही पहिल्या अक्षरावर मिनिटभर अडकत. पोरं चिडवत, म्हणून ते मुकेच राहायला लागले होते. ही कविता तेवढी न अडखळता म्हणता आली, आणि तिच्या मागोमाग बाकीचं बोलणं सुटलं. “त्या मानसाला एकदा सांगावं म्हनतो,” साडू म्हणाले. “ते न्हाईत आता, पन घर तर हाय.”

घर साधंच होतं. लाल कौलं, पुढे व्हरांडा, आत कवीची खाट, छत्री आणि खिडकीजवळ वेताची खुर्ची, कुणी बसू नये म्हणून तिला बांधलेली दोरी. आमच्याआधी आलेली दोन जोडपी खुर्चीपाशी फोटो काढत होती. साडूंनी चपला बाहेर काढल्या, बागेतल्या नळावर पाय धुतले आणि ओल्या पायांनी आत आले. देखरेखीला असलेल्या बाई फरशीकडे बघून काही बोलणार होत्या, पण साडूंनी मफलर काढून खांद्यावर नीट ठेवला, खुर्चीला हात जोडले आणि सुरुवात केली.

पहिलाच शब्द अडकला.

त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. तेच अक्षर, पुन्हा तेच. मानेच्या शिरा ताठल्या, डोळे मिटले गेले. मोंढा हलवणारा तो आवाज घशातच घुटमळत होता. फोटो काढणारे थांबले. एरवी साडूंचं वाक्य अर्ध्यावर तोडणाऱ्या अक्कांनी शब्द पुरवला नाही. त्या देखरेखीच्या बाईंनीच कोपऱ्यातलं स्टूल आणून ठेवलं. “बसून म्हणा काका. घाई नाहीये.”

साडू बसले आणि त्यांनी अख्खी कविता म्हटली. अडखळत, थांबत, एकेका शब्दाशी झटत. एका दमात उतार उतरणारं वासरू त्या दिवशी दर वळणावर थबकलं, त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि मग ते पुढे गेलं. इतक्या वर्षांत कंटाळून कंटाळून ऐकलेली ती कविता मी पहिल्यांदा नीट ऐकली. शेवटी ते खुर्चीकडे बघून म्हणाले, “उमरीहून आलोय. तुमच्यामुळं बोलाया लागलो.” बाईंनी विचारलं, “तुम्हीही कविता करता का?” साडू डोळे पुसत म्हणाले, “न्हाई वो ताई. मी सोयाबीन इकतो.”

परतताना घाट संपला. मग म्हणाले, “अजून एक घर राह्यलं.” कविता कवीची होती, पण ती त्यांच्या तोंडात बसवली होती उमरीच्या गुरुजींनी. शाळा सुटल्यावर रोज या पोराला घरी नेऊन त्यांनी ती त्याच्याकडून म्हणून घेतली होती. गुरुजी कधीच वारले होते. साडू कामात गुंतले आणि भेटायला जाणं राहून गेलं होतं. लातूरला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडमार्गे उमरी गाठली.

गुरुजींच्या घराचं संग्रहालय कोण करणार? तिथं आता शिलाईचं दुकान होतं. दाढी पांढरी झालेल्या शिंप्याने मशीनवरून मान वर केली. “बोला चाचा, काय शिवायचं हाय?”

“काई न्हाई. इथं गुरुजी ऱ्हायचे.”

“हाव. त्यांच्या पोरानं ही जागा आमच्या अब्बांना दिली,” शिंपी म्हणाला. “अब्बा सांगायचे, मास्तर मागं लिंबाखाली बसून पोरांना जोरजोरात बोलायला लावायचे. बांधकाम काढलं तवा सगळे म्हनले झाड पाडा. अब्बा न्हाई म्हनले. हाय अजून, जाऊन बगा.”

साडू एकटेच मागच्या दाराने गेले. शिंप्याने चहा सांगितला आणि आम्हाला बाकावर जागा करून दिली. थोड्या वेळाने मागून साडूंचा आवाज यायला लागला. शिंप्याने मशीन बंद केली. आवाज मधेच अडकायचा, थांबायचा, पुन्हा सुरू व्हायचा. ती कविता नव्हती, एवढं कळत होतं. अक्कांनी त्यांचा चहा बशीने झाकून ठेवला आणि आम्ही कुणीही त्यांना हाक मारली नाही.