डॅशबोर्डखालचे तीन मीटर

आमच्याकडे गाडी आली तेव्हा मुलगी लग्न होऊन जबलपूरला गेली होती. महाल भागातल्या एका गल्लीत, माडीवरच्या दोन खोल्यांत, मी आणि हे, दोघंच. मी मुलींच्या शाळेत शिकवायची. हे सावनेरकडच्या एका कोळशाच्या खाणीवर कंप्रेसर चालवायचे. वीस वर्षं झाली होती त्या कामाला. खाणीवरचे एक साहेब बदली होऊन निघाले आणि त्यांची जुनी, छोटीशी गाडी ह्यांनी घेतली. गल्लीत ती शिरत नसे, म्हणून कोपऱ्यावरच्या पिंपळाखाली उभी राही.

यंत्राला हात लावण्याआधी त्याचा आवाज ऐकायचा, ही ह्यांची रीत. खाली आटाचक्की होती. एकदा जिना चढता चढता हे मध्येच थांबले आणि चक्कीवाल्याला म्हणाले, "पट्टा सरकून राहिला गा तुझा, बंद कर." त्याने चक्की बंद करून पाहिलं तर खरंच पट्टा फाटायला आला होता. गल्लीतल्या कोणाची मोटारसायकल कुरकुरली की तो ह्यांनाच शोधत यायचा.

म्हणूनच मला ते मीटरचं खूळ कळेना. गाडीत दोनच काटे होते, एक वेगाचा आणि एक पेट्रोलचा. ह्यांना आणखी तीन हवे होते. कबाड्याकडून जुन्या ट्रकांतले तीन गोल मीटर आणले: इंजिनातल्या पाण्याची गरमी दाखवणारा, तेलाचा दाब दाखवणारा आणि बॅटरी भरते आहे की नाही ते सांगणारा. रॉकेलमध्ये फडकं बुडवून काचा पुसत बसले.

मी म्हटलं, "एवढे काटे कशाले पाहिजेत? तुम्हाले तं आवाजावरून समजते."

हे काचेकडेच पाहत म्हणाले, "असू दे. डोयाले दिसलं म्हणजे बरं."

दोन महिने सगळ्या सुट्ट्या त्यात गेल्या. आधी ॲल्युमिनियमची पट्टी वाकवून तिच्यात तीन भोकं पाडली. ती डॅशबोर्डखाली बसवली तर गिअर टाकताना हाताला लागायची, म्हणून पुन्हा काढली. मग इंजिनाकडून आत येण्यासाठी पत्र्याला छिद्र पाडलं, त्यात रबर बसवलं, आणि त्यातून तेलाच्या मीटरसाठी तांब्याची बारीक नळी आणि बाकीच्या वायरी ओढल्या. पहिल्याच दिवशी नळीचा जोड गळला आणि ह्यांची पँट तेलाने भरली. "झाली आंघोळ?" म्हणत मी हसले. ह्यांनी वर पाहिलं, मी हसते आहे हे पाहिलं, आणि तेही हसले. मी काय बोलले ते मात्र विचारलं नाही.

त्या वर्षात मला राग यायला लागला होता. स्वयंपाकघरातून काही विचारलं तर उत्तर नाही. दुसऱ्यांदा विचारलं तर "हं". वीस-पंचवीस वर्षांच्या संसारात नवरे असेच होतात, अशी मी मनाची समजूत घालत होते.

मार्चमधला तो शुक्रवार मला आजही तसाच दिसतो. उमरेडहून भावाची चिठ्ठी आली होती की आईने अन्न सोडलंय. मी चिठ्ठी हातात घेऊन पिंपळाखाली गेले. गाडीचं दार उघडं होतं, हे सीटवर आडवे, डोकं डॅशबोर्डच्या खाली.

"मायची तब्येत लई बिघडली. रविवारी उमरेडले नेता का मले?"

आतून आवाज आला, "हो, रविवारी होते."

मी निश्चिंत झाले. रविवारी सकाळी लुगडं नेसून, आईला आवडणाऱ्या पुरणाच्या पोळ्या डब्यात घालून खाली उतरले. पाहते तर गाडीचा अर्धा डॅशबोर्ड उचकटलेला, वायरी बाहेर लोंबत होत्या, आणि हे तोंडात स्क्रू धरून मान वाकडी करून बसलेले. माझ्याकडे पाहून त्यांनी नुसती मान हलवली.

मी तशीच मागे फिरले. वर गेले, लुगडं बदललं, डबा शेजारी देऊन टाकला. एस.टी.ने जाता आलं असतं. स्टँड काही लांब नव्हता. पण मी गेले नाही. माझ्या आईपेक्षा ह्याला तीन काटे मोठे झाले, तर होऊ दे, न्यायचं तर ह्याने, नाहीतर मी कुठे जाणार नाही, असं काहीतरी मनात घट्ट धरून बसले. मंगळवारी आई गेली.

उमरेडला हे माझ्यासोबत होते, रडले, खांदा दिला. परत आल्यावर मी ह्यांच्याशी बोलणं टाकलं. भांडण नाही, आदळआपट नाही. ताट वाढायचं, चहा ठेवायचा, पाठ वळवून निघून जायचं. हेही काही विचारत नव्हते. उलट जास्तच गप्प झाले. कधी मी भांडी घासताना दारात येऊन उभे राहत, पाहत राहत. मला वाटायचं, आता कळलं असेल. मी मान वळवली नाही.

महिना झाला तशी आईच्या मासिक श्राद्धासाठी जायची वेळ आली. गाडीतले मीटर लागून झाले होते. ह्यांनी हळूच म्हटलं, "गाडीनं जाऊ." मी मागच्या सीटवर जाऊन बसले.

एप्रिलचं ऊन. शहर मागे पडलं आणि अर्ध्या तासात इंजिनातून कसलीशी शिट्टी ऐकू यायला लागली. मग खडखड. मला गाडीतलं काही कळत नाही, पण तो आवाज चांगला नव्हता एवढं कोणालाही कळलं असतं. ह्यांची नजर रस्त्यावरून काट्यावर, काट्यावरून रस्त्यावर. गरमीचा काटा मध्यावरून खाली आला होता आणि हे स्वतःशीच म्हणाले, "वा, थंड झाली." पुढे मेकॅनिकने सांगितलं की पाणीच संपलं होतं, आणि पाण्याशिवाय तो काटा खोटं दाखवतो.

माझा अबोला तिथे सुटला. "अहो, आवाज कसला येऊन राहिला? थांबवा!"

हे चालवतच राहिले.

"थांबवा म्हणते ना!" मी ओरडले, तरी मान वळली नाही. शेवटी मी मागून त्यांचा खांदा धरून हलवला. दचकून त्यांनी गाडी बाजूला घेतली. बॉनेटमधून वाफ उसळली. हे उतरले, वाफेकडे पाहिलं, मग माझ्याकडे. माझे ओठ हलत होते. ह्यांचे डोळे माझ्या ओठांवर होते.

"तुम्हाले ऐकू येत नाही?"

हे कडुनिंबाच्या सावलीत बसले. म्हणाले, "दोन वर्षं झाले. बाप्यांचे जाडे आवाज येतात थोडे. पाखरं गेली आधी. मंग तुझा आवाज. खाणीवर कळलं तं घरी बसवतील, म्हणून कोणाले सांगितलं नाही. कंप्रेसरवर हात ठेवून समजतो मी आता. गाडीले म्हणून काटे लावले."

मग म्हणाले, "महिन्याभरापासून तं काहीच येत नाही तुझं. पहिले भांडी घासताना येत होतं थोडं थोडं. मले वाटलं, पार गेले कान."

मी त्यांच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि ओरडून सांगितलं, "मी बोलतच नव्हते!"

"काहून वं?"

भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, मला ते ओरडून सांगावं लागलं. "मायले भेटाले नेलं नाही म्हणून! शुक्रवारी सांगितलं होतं, गाडीपाशी येऊन! तुम्ही हो म्हटलं!"

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आली होती?" ते म्हणाले. "मले वाटलं, चक्कीवाला विचारून राहिला, काम कधी होते म्हणून."

एवढं बोलून त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मीही रडले. पण आई काही परत येणार नव्हती, आणि मी एस.टी.त का बसले नाही ह्याचं उत्तर मला ह्यांच्या कानांवर ढकलता येईना.

मोठ्या दवाखान्यात दाखवलं. डॉक्टरांनी तपासलं आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, वर्षानुवर्षं मशीनजवळ काम केल्यानं आतली नस मेली, आता काही होणार नाही. हे त्या वर्षीच नोकरी सोडून घरी बसले. कानाचं मशीन आणलं, त्यात नुसता गलका यायचा, ते पेटीत राहिलं. गाडी हुडकेश्वरच्या एका ओळखीच्या माणसाला दिली. त्यानंतर आणखी नऊ वर्षं हे होते.

त्या नऊ वर्षांत मी त्यांच्यासमोर बसून, ओठ मोठे करून बोलायला शिकले. पण समोर बसून माणूस कामाचं तेवढंच बोलतो. फोडणी घालता घालता, कपडे वाळत घालता घालता जे उगाच बोलणं असतं, ते बंद झालं. रेडिओवर काही लागलं, मुलीच्या पत्रातलं काही आठवून मी हसले, की हे पुढे सरकून विचारायचे, "काय वं? काय म्हटलं?" आणि पुन्हा सगळं ओठ मोठे करून सांगायचा कधीकधी कंटाळा यायचा. मी हात हलवून म्हणायची, "काही नाही."

हे मान हलवायचे आणि खिडकीकडे पाहत बसायचे. इतकं सगळं कळल्यावरसुद्धा किती वेळा म्हटलं असेल मी तसं.