लोइमाताबाईंच्या वर्गानं केलेली वाटणी

प्रशांत महासागरातल्या टोकेलाऊतलं आमचं बेट एवढंसं, की एका टोकाला चूल पेटली तर दुसऱ्या टोकाला धूर दिसतो. एवढ्याशा जमिनीवर लोइमाताबाईंनी सातवी-आठवीला इतिहास, भूगोल, नागरिकशास्त्र शिकवण्यात हयात घालवली. ज्या उत्तरासाठी मूल भांडलं नाही ते उत्तर त्याचं नव्हे, असं त्यांचं म्हणणं. प्रश्न टाकून त्या गप्प बसत आणि वर्गाचा गलका पार होड्यांपर्यंत ऐकू येई.

एका वर्षी बाईंनी वडीलधाऱ्यांकडे भलतंच मागणं घातलं. आमच्याकडे गावानं मिळून धरलेली मासळी घरोघरची माणसं मोजून सारखी वाटतात, तिला इनाती म्हणतात. एक दिवस ती माझ्या वर्गाला करू द्या, म्हणाल्या. वाटणीचे प्रमुख होते फालानिको आजोबा. ते म्हणाले, एका जरी घरानं कुरकुर केली तर तुमचा वर्ग पुन्हा चार भिंतींत, पुस्तकापुरता. बाई कबूल झाल्या.

होड्या लागल्या. वाळूत ट्यूनाच्या रांगा लखलखल्या आणि पोरं लुंग्या खोचून भिडली. माणशी वाटा, तान्ह्या मुलालाही तेवढाच. हिना नावाची मुलगी खणखणीत आवाजात घरं पुकारत होती आणि आम्ही सगळे टोपल्या घेऊन उभे. शेवटची टोपली उचलली गेली. चकार शब्द नाही.

तेवढ्यात सालोमे आजी टोपली घेऊन हिनाकडे माघारी आली. "एकटीच्या पोटाला दोघांचं कशाला गं? माझा लेक न्यूझीलंडला गेलाय, माहीत नाही होय तुला?"

"माहितेय की. पण आहे तर आपल्याच गावचा. मोजला."

फालानिको आजोबा काठी टेकत उठले. "झाली कुरकुर. बाई, आपलं ठरलं होतं."

बाईंचा चेहरा पडला. हिना मात्र तशीच पुढे झाली. "आजोबा, तुमचा लेक जहाजावर होता, तेव्हा त्याचा वाटा कोण खात होतं?"

किनारा खदखदून हसला. कुणी म्हणालं, गेलेल्याला वर्षभर मोजावं. कुणी म्हणालं, परत येईपर्यंत. सालोमे आजी म्हणाली, येणार नाही असं कोण म्हणतं बघू. म्हातारे म्हाताऱ्यांशी भांडले, पोरं बापांशी. ऊन चढलं, मासे तापू लागले, तरी कुणी हलेना.

फालानिको आजोबांनी काठी वाळूत रोवली आणि पोरांच्या घोळक्यात खाली बसकण मारली.

"हे मिटेपर्यंत तुमचा वर्ग इथंच भरू द्या, बाई," ते म्हणाले. "आणि मलाही बोलायचंय. सरका जरा."