राष्ट्राध्यक्षाचा पट्टा भरणारी सोइला

सोइला तार्रियोनं चार राष्ट्राध्यक्षांचे पट्टे भरले, आणि चौघांपैकी एकानंही पाच वर्षं पुरी केली नाहीत. छातीवरून तिरका जाणारा लाल-पांढरा पट्टा, त्यावर सोनेरी जरीचं राजचिन्ह. राजधानी लिमात, राष्ट्राध्यक्षांच्या राजवाड्यामागच्या गल्लीत तिचं भरतकामाचं दुकान होतं, समोर माझं बटणांचं.

मी चिडवायचो, "सोइला, तुझ्या दोऱ्यातच खोट आहे. जरा जाड घे की!"

"दोरा पक्का आहे, निकानोर. माणसंच उसवतात."

पाचवा आला तो दंतवैद्य होता, त्याचाही पट्टा तिनंच भरला. दीड वर्षात त्यानं पाच पंतप्रधान बदलले. एका शेतीमंत्र्यानं तर सकाळी शपथ घेतली आणि संध्याकाळी घर गाठलं. शेवटी संसदेनं दंतवैद्यालाच हटवायचं मतदान ठेवलं, गुरुवारी दुपारी तीनला.

त्या गुरुवारी दहा वाजता संसदेतला एक माणूस सोइलाकडे आला, केसांना अत्तर फासलेला.

"सोइलाबाई, नवा पट्टा हवा. सहापर्यंत. लांबी जरा कमी धरा."

"मतदान तर तीनला आहे ना?"

"ते होईल हो. आकडा जमलाय."

काम म्हणून तिनं घेतलं. राजचिन्ह आधीच अर्धं भरून ठेवलेलं होतं, ते तिनं पुढे ओढलं. एक वाजता राजवाड्यातली एक बाई पेटी घेऊन धावत आली. दंतवैद्याच्या पट्ट्याचा जरीचा गोंडा निघाला होता.

"साहेबांचं संध्याकाळी भाषण आहे. पटकन दोन टाके घाला!"

"निरोपाचं भाषण?" मी विचारलं.

"तुम्ही बटणं विका!" ती खेकसली.

एका टेबलावर दोन पट्टे! मी माझ्या दुकानाचं दार ओढून घेतलं, रेडिओ तिच्या उंबऱ्यात ठेवला आणि आवाज वाढवला. बघता बघता गल्ली भरली. कोपऱ्यावर बैलाच्या काळजाचे तुकडे भाजून विकणाऱ्या बाईनं शेगडीच उचलून आणली. नव्या पट्ट्यावर आता राजचिन्हातला फक्त विकुन्या राहिला होता, आमच्या डोंगरातला तो नाजूक, लांब मानेचा प्राणी. तिथंच सोइलानं सुई खाली ठेवली.

"मतं मोजल्याशिवाय मी विकुन्या भरणार नाही."

अत्तरवाल्याला घाम फुटला. "अहो बाई, वेळ जाईल!"

"जाऊ दे. एक माणूस खुर्चीत बसलेला असताना दुसऱ्याचा पट्टा पुरा करायचा, हे मला जमत नाही."

रेडिओवर एकेक नाव पुकारलं जात होतं. हटवायला सत्त्याऐंशी मतं हवी होती. ऐंशी झाली. ब्याऐंशी. पंच्याऐंशी! गल्लीत कोणी घास चावेना. शहाऐंशी! अत्तरवाल्यानं मूठ उंचावली. मग शेवटचं नाव आलं, आणि पाठोपाठ उत्तर, "तटस्थ."

अशी आरोळी उठली की माझ्या कपाटातली बटणं खडखडली. अर्धी गल्ली नाचत होती, अर्धी शिव्या देत होती. राजवाड्यातल्या बाईनं रडत रडत मलाच मिठी मारली. अत्तरवाला निघून गेला. सोइलानं गोंडा ओढून घेतला, पण दोरा नेढ्यातून जाईना, शेवटी तो मीच ओवून दिला.

"तुला तो एवढा आवडतो?" मी विचारलं.

"छे! अगदीच बावळट आहे. पण एकदा तरी कोणाची पाच वर्षं पुरी होऊ देत की रे. मग तो कोणी का असेना."

आणि झाली! कशी, ते आजही कोणाला सांगता येत नाही. आणखी दोन मतदानं झाली, मंत्री तर किती आले-गेले ते मोजायचं आम्ही सोडून दिलं. मुदत संपली त्या अठ्ठावीस जुलैला आम्ही दोघं चौकात उभे होतो. पायउतार होताना दंतवैद्य पट्टा काढायला लागला तर तो खांद्यावर अडकला, आणि हा हिसडे देऊ लागला.

"ए, हळू!" सोइला ओरडली. "जरीचा टाका ओढला जाईल!"

पहारेकरीसुद्धा हसले. ती मात्र रडत होती, आणि रडता रडता टाळ्या वाजवत होती.

पुढे दोन दिवस तिचं दुकान बंद. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "होतीस कुठं?"

"समुद्रावर."

"या थंडीत?" जुलै-ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे ऐन हिवाळा.

"धुक्यात काही दिसलं नाही रे," ती म्हणाली, "पण काय मजा आली!"